मळकी एस्टीम, पण घाटात सुसाट : पैसे आधी कुठे घालायचे?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. मिरजेजवळ २००४ ची मारुती एस्टीम व्हीएक्सआय स्वस्तात मिळतेय. चंदेरी रंग पार उडालाय, पुढच्या बंपरला तडे, एका दाराचा रंग वेगळा, आतलं छत लोंबतंय. इंजिन चालू आहे, पुनर्नोंदणी २०२९ पर्यंत झालेली आहे.
बाहेरून गाडी अशीच ठेवायची आहे. लोखंडी रिम, मळका रंग, मागे कसलाही आवाज नाही. आतून मात्र खंबाटकी चढताना दम लागू नये अशी. गाडीची किंमत सोडून हाताशी अडीच लाख आहेत. तीन वाटा दिसतात : मारुतीच्याच जुन्या बलेनो सेडानचं १.६ इंजिन बसवणं, आहे त्या १.३ ला टर्बो (धुराच्या जोरावर फिरून जास्त हवा कोंबणारा पंखा), किंवा आहे तेच इंजिन नीट बांधून घेणं. कुठली धरावी? आणि पैसे कुठल्या क्रमाने घालावेत?

कोयनेकडचा
अजून घेतली नसेल तर आधी पुराचं बघा, मग इंजिनाचं.

मिरजकर
कोयनेकडचा यांच्याशी शंभर टक्के सहमत. २००५, ऑगस्ट २०१९, जुलै २०२१. सांगली-मिरजेत स्वस्त मिळणाऱ्या कुठल्याही जुन्या गाडीला हा प्रश्न विचारायलाच हवा. विकणारा गाडी धुऊन, सीट कव्हर बदलून आणतो, त्यामुळे वरवर काही दिसत नाही. पुढच्या जागा मात्र सहसा कुणी धूत नाही :
चारही सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. गुंडाळीच्या आतला शेवटचा फूटभर पट्टा पिवळसर-मातकट असेल आणि त्यावर आडवी रेघ असेल तर पाणी तिथवर आलं होतं. मग सीटच्या रुळांचे बोल्ट बघा. पायाखालचा गालिचा उंबऱ्यापाशी उचलून खालचा फोम दाबा. डिकीत स्टेपनीची खळगी आणि जॅक ठेवायची जागा हाताने चाचपा, कृष्णेचा गाळ सुकला की पिठासारखा बारीक होतो आणि बोटाला चिकटतो. डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चने कनेक्टर बघा. पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर गाडी सोडून द्या. इंजिन बांधता येतं, सगळ्या गाडीचं वायरिंग हार्नेस नाही. पिन आतून कुजते आणि गाडी वर्षभराने अचानक बंद पडायला लागते, तेही रोज वेगळ्या कारणाने.

रिंगपाना
मिरजकर यांनी अर्धं काम केलंच आहे. आता इंजिन.
एस्टीमचं हे १२९८ सीसीचं १६ व्हॉल्व्हचं जी१३ इंजिन, कारखान्यातून ८५ अश्वशक्ती. गाडीचं वजन पावणेनऊशे ते नऊशे किलो. २०१८ ची नवीकोरी स्विफ्ट पेट्रोल ८३ ची होती आणि वजनाला साधारण एवढीच. म्हणजे एस्टीम मुळातच पळणारी गाडी आहे. वीस वर्षांत त्या ८५ पैकी किती उरलेत, एवढंच शोधायचं.
इंजिन गरम करून चारही प्लग काढा. इंधनाचा आणि इग्निशनचा फ्यूज काढा. पाय ॲक्सिलरेटरवर पूर्ण दाबून धरा आणि प्रत्येक सिलिंडरला सहा-सात फेरे स्टार्टर मारून कॉम्प्रेशन, म्हणजे आत हवा किती दाबली जाते ते, मोजा. पाय दाबला नाही तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिनही मेलेलं दिसतं. नव्या इंजिनाला १९९ पीएसआय, १७० च्या खाली गेलं तर कामाला आलं असं मॅन्युअल म्हणतं. पण हे आकडे समुद्रसपाटीचे आहेत. साताऱ्याला सातशे मीटरवर हवेचा दाबच आठेक टक्के कमी, म्हणून उत्तम इंजिनही तिथे १८० च्या घरात दाखवेल. त्यामुळे चार सिलिंडरांतला फरक जास्त महत्त्वाचा, तो १४ पीएसआयच्या आत हवा. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून परत मोजा. आकडा वर आला तर रिंगा गेल्या, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.
दुसरी चाचणी व्हॅक्यूम गेजची (इंजिन हवा किती जोराने ओढतं ते दाखवणारा काटा). आयडलला काटा स्थिर हवा, सांगलीच्या उंचीवर १६ ते १९ इंच. मग अडीच हजार आरपीएमवर धरून ठेवा. काटा हळूहळू खाली सरकत राहिला तर सायलेंसरच्या वाटेत काहीतरी तुंबलंय, बहुतेक कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारी जाळी). अशा गाडीत नुसतं कन्व्हर्टर बदललं तरी वरच्या आरपीएमची ताकद परत येते.

जोश_१६
एस्टीम कशाला? फोर्डची इकॉन १.६ रोकॅम घ्या. ९२ अश्वशक्ती, १३० न्यूटन मीटर, टायमिंगला चेन. कारखान्यातूनच तयार स्लीपर (दिसायला साधी, पळायला जोरदार गाडी) आहे. टेललॅम्प बघून कुणालाही म्हाताऱ्याची गाडी वाटते. इंजिन बदलायची, टर्बोची भानगडच नको.

अजिंक्य_११
@जोश_१६, इकॉनचं इंजिन खालच्या आरपीएमला एस्टीमपेक्षा ओढतं हे खरं. पण वजन टनाच्या आसपास, त्यामुळे किलोमागे अश्वशक्तीत दोघी जवळजवळ बरोबरीत. शिवाय इकॉनचं प्लास्टिकचं थर्मोस्टॅट हाउसिंग तडकतं, पाणी निघून जातं आणि काटा वर जाईपर्यंत हेड वाकलेलं असतं. घ्यायचीच तर ते हाउसिंग पहिल्या दिवशी बदलायचं. आणि सुटे भाग? मारुतीचा बुश विट्याला पण मिळेल, जतला पण मिळेल.

जोश_१६
हाउसिंगचं मान्य. गाडी घेतली की ते, खालचा पाइप आणि रेडिएटरचं झाकण एकदमच बदलायचं. तेवढं केलं की रोकॅम दमदार इंजिन आहे, हे मी सोडणार नाही. पण कृष्णाकाठ यांची गाडी ठरलेली दिसतेय, तेव्हा एस्टीमवरच बोलू.

लेथवाला
बलेनोच्या १.६ बद्दल. दोन्ही इंजिनं एकाच जी घराण्यातली, म्हणून लोकांना वाटतं उचललं आणि ठेवलं. तसं नाही.
जी१३ चा बोअर (सिलिंडरचा व्यास) ७४ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ७५.५. जी१६ चा बोअर ७५, स्ट्रोक ९०. जवळजवळ सगळी वाढ स्ट्रोकमध्ये, म्हणून ब्लॉक उंच आहे. तिथून पुढच्या अडचणी सुरू होतात : बॉनेटखालची जागा, इनटेक मॅनिफोल्ड आणि फायरवॉलमधलं अंतर, एक्झॉस्टचा पाइप खाली उतरतो तिथला कोन. माउंटिंग बनवताना इंजिन एका बाजूला दहा मिमी जरी कलंडलं तरी ड्राइव्हशाफ्टचा आतला जॉइंट वाकड्या कोनात फिरतो. पहिल्या-दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर दाबला की थरथर येते आणि काही महिन्यांत जॉइंट वाजायला लागतो. लोक मग टायर बॅलन्सिंग करत बसतात.
घ्यायचंच तर एकाच कापलेल्या गाडीतून अख्खा संच घ्यावा : इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही शाफ्ट, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), इंजिनचं पूर्ण हार्नेस, सगळे सेन्सर, थ्रॉटल बॉडी. इंजिन एकीकडून आणि ईसीयू दुसरीकडून आणला की वायरमनचे पंधरा दिवस जातात.
आणि फायदा किती? बलेनो ९४ अश्वशक्ती. ८५ चे ९४, म्हणजे नऊ. टॉर्क ११० चा १३०, तो मात्र चढाला नक्की जाणवतो. पण आरपीएम जपून. ६५०० ला पिस्टनचा सरासरी वेग जी१३ मध्ये सेकंदाला १६.४ मीटर, जी१६ मध्ये १९.५. लांब स्ट्रोकचं जुनं इंजिन जी१३ सारखं पिळलं की कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगवर येतं. खालून टकटक ऐकू आली तोवर उशीर झालेला असतो.

कागदपत्र
लेथवाला यांनी यंत्राचं सांगितलं, मी कागदाचं सांगतो. इथे बरेच धागे हे टाळून पुढे जातात.
मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ : कारखान्याने दिलेल्या मूळ वर्णनाशी न जुळणारा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२ए नव्याने लिहिलं गेलं. त्यात असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याच मेकचं, त्याच प्रकारचं इंजिन बदलायचं असेल तर आरटीओची परवानगी घेऊन ते होतं. १२९८ च्या जागी १५९० हा मात्र वेगळा प्रकार झाला. आरसीवर सीसी आणि इंजिन नंबर दोन्ही आहेत.
दंड भरून मोकळं होता येईल असं वाटत असेल तर विम्याचा विचार करा. अपघातात सर्व्हेअरने इंजिन नंबर बघितला आणि आरसीशी जुळला नाही तर क्लेम अडकतो. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर भरपाईचा बोजा तुमच्या घरावर येऊ शकतो. एमएच १० असो, ११ असो की ५०, २०२९ ला फिटनेससाठी गाडी परत अधिकाऱ्यासमोर उभी करायचीच आहे. टर्बोलाही हेच लागू.
म्हणून रस्त्यावरची गाडी १२९८ चीच ठेवा. १.६ किंवा टर्बो फक्त ट्रॅकच्या गाडीला, आणि ती ट्रेलरवरून न्यावी.

हळद_बेदाणा
वाचनखूण साठवली. लई उपयोगी धागा.

कृष्णाकाठ
कागदपत्र, मनापासून आभार. घरातली माणसंही याच गाडीत बसणार, त्यामुळे १.६ ची वाट सोडली. टर्बोही रस्त्यासाठी नको. तरी ट्रॅकच्या दृष्टीने एक विचारतो : स्विफ्ट डिझेलचा टर्बो जुन्या बाजारात सहज मिळतो. तो जी१३ ला चालतो का? बरेच जण सुचवतात.

लेथवाला
चालतो असं सांगणारे पुष्कळ, वर्षभर टिकलेला दाखवणारे कमी. कारण उष्णतेचं आहे. डिझेलचा धूर भार असताना साधारण आठशे अंशांपर्यंत जातो, पेट्रोलचा साडेनऊशेच्या घरात. डिझेलसाठी केलेलं टर्बाइनचं घर तिथे तडकतं. ७५ अश्वशक्तीच्या स्विफ्ट डिझेलचा टर्बो लहान आहे, इंजिनाची वरची मर्यादा पाच हजारांच्या आसपास. जी१३ ला साडेसहा हजारांवर तो बुचासारखा अडतो, मागचा दाब वाढतो, इंजिन तापतं. ९० अश्वशक्तीवाल्यातला बदलत्या पात्यांचा टर्बो तर अजिबात नको. पेट्रोलच्या उष्णतेत ती पाती जाम होतात.
पेट्रोल गाडीचा योग्य मापाचा टर्बो घेतला, बूस्ट (टर्बोचा जादा दाब) ०.४ बारवर ठेवला, तरी खरं काम इंधनाचं. हिशेब असा. लक्ष्य १३० अश्वशक्ती धरा. टर्बो इंजिनाला अश्वशक्तीमागे तासाला सुमारे ०.६ पौंड पेट्रोल. १३० × ०.६ = ७८ पौंड. चार इंजेक्टर, प्रत्येक ८५ टक्क्यांपेक्षा जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही. ७८ ÷ ३.४ = सुमारे २३ पौंड, म्हणजे मिनिटाला २४० सीसी. आता पंपावर ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं, त्याला आठेक टक्के जास्त लागतं, म्हणजे २६०. बाजारातलं पुढचं माप घ्यायचं, २८० ते ३००. मूळ इंजेक्टरवर बूस्ट दिला की वरच्या आरपीएमला मिश्रण पातळ होतं, ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. स्टँडअलोन (वेगळा, हवा तसा जुळवता येणारा) ईसीयू आणि मिश्रण मोजणाऱ्या वाइडबँड सेन्सरशिवाय हे काम हातात घेऊ नये. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (हवा-पेट्रोलचं प्रमाण, १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) ०.८० च्या आसपास ठेवावा, प्लगची फट ०.७ मिमी आणि एक पायरी थंड प्लग.
आणखी एक : ब्रेक बूस्टरच्या नळीतला एकदिशा व्हॉल्व्ह. टर्बोचा दाब त्यातून बूस्टरमध्ये शिरला तर ब्रेकचं पेडल दगड होतं. जुना व्हॉल्व्ह फुंकून बघायचा, दोन्ही बाजूंनी हवा गेली तर फेकायचा.

घाटमाथा
सगळे पळवायचं बोलताहेत, मी थांबवायचं बोलतो. क्रमात हे पहिलं.
वाईहून पाचगणीला पसरणी घाटाने चढतो तेव्हा गाडी साधारण ५५० मीटर वर जाते. उतरताना माणसांसकट हजार किलोची गाडी तेवढीच ऊर्जा कुठेतरी टाकणार, सुमारे ५४ लाख ज्यूल. ताशी शंभरवरून पूर्ण थांबायला सुमारे पावणेचार लाख ज्यूल लागतात. म्हणजे नुसत्या ब्रेकवर पसरणी उतरणं म्हणजे शंभरवरून चौदा वेळा लागोपाठ थांबणं. म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरायचं, पण ब्रेकही त्या ताकदीचे हवेत.
पुढच्या डिस्कची जाडी व्हर्नियरने मोजा, कडेला उरलेल्या पट्टीवर किमान माप कोरलेलं असतं. त्याला टेकली असेल तर घासून सरळ करत बसू नका, नवी घ्या. कॅलिपरच्या सरकत्या पिना काढून साफ करा, ब्रेकचंच खास ग्रीस लावा. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि पिन अडकते, मग एकच पॅड झिजत राहतो. रबरी होज वीस वर्षांचे असतील तर चारही बदला. बाहेरून धड दिसले तरी आतून फुगलेले असतात, त्यामुळे पेडल मऊ लागतं. मागच्या ड्रममध्ये व्हील सिलिंडरची टोपी उचलून बघा, ओल दिसली की सिलिंडर बदला.
ब्रेक फ्लुइड डॉट ४ दर्जाचं. नवं असताना उकळबिंदू २३० अंश, पाणी शोषल्यावर १५५. मॉन्सूनात आपल्याकडे ते पाणी भरपूर ओढतं, म्हणून दर दोन वर्षांनी पूर्ण बदलायचं. लिटरभर पुरतं. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरायचा नाही.

अजिंक्य_११
+१. उंचीचा मुद्दा मी जोडतो. साध्या इंजिनाची ताकद दर शंभर मीटरला अंदाजे एक टक्का घटते. महाबळेश्वरला तेराशे मीटरच्या वर गाडी गेली की ८५ ची ७४ राहते. त्यात एअर फिल्टर तुंबलेला आणि थ्रॉटल बॉडी काळी असेल तर गाडी रडते, आणि मग लोक इंजिन बदलायला निघतात.

सोनवड
घाटात तापायची भीती असेल तर थर्मोस्टॅट काढून टाका. आमच्याकडे सगळे मेस्त्री तेच करतात, गाडी कायम थंड राहते.

रिंगपाना
सोनवडभाऊ, इथे मात्र ठाम विरोध. थर्मोस्टॅट काढला की इंजिन आपल्या तापमानाला पोचतच नाही. ईसीयूला वाटतं अजून गार आहे, तो जास्त पेट्रोल सोडत राहतो. ते पेट्रोल सिलिंडरची भिंत धुतं, ऑइल पातळ होतं, रिंगा झिजतात. ताकद, ॲव्हरेज आणि पीयूसी तिन्ही बिघडतात.
गाडी तापत असेल तर कारण शोधायचं. रेडिएटरची जाळी बाहेरून ऊसाच्या पाचटाच्या कणांनी आणि किड्यांनी भरते. पुढे कंडेन्सर असेल तर दोन्हींच्या मधली फट बघा, सगळा कचरा तिथेच बसतो. आतून क्षार. बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं असेल तर नळ्या अर्ध्या बंद असतात. रेडिएटरवर हात फिरवून गार पट्टे शोधा, तिथे पाणी फिरत नाही. असा रेडिएटर डबल कोअरचा नवा घ्या. पंख्याचा स्विच तपासा, पाण्याचा पंप हलवून बघा. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं.
आणि रेडिएटरचं झाकण. पाचगणीच्या उंचीवर उघडं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. ०.९ बारचं झाकण तो बिंदू बराच वर नेतं. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा संपतो. थर्मोस्टॅट गॅसवरच्या पातेल्यात टाकून तपासा. ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडायला लागला पाहिजे.

सोनवड
पटलं. पातेल्यातली चाचणी करून बघतो, धन्यवाद.

पत्रा_आणि_लांबी
स्लीपर म्हणून रंग मळका ठेवणं वेगळं आणि गंज ठेवणं वेगळं. एस्टीमला गंज कुठे लागतो : दारांखालचे उंबरे, मागच्या चाकांच्या कमानींच्या आतल्या कडा, पुढच्या-मागच्या स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बरचा एकत्र खांब) वरच्या टोप्या, बॅटरीखालचा ट्रे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोका. खणखणीत वाजलं तर पत्रा आहे, बदबद वाजलं तर लांबी (पुट्टी) भरलीय. चुंबकही लावून बघा.
स्ट्रटची टोपी कुजलेली असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवा. एस्टीमला चारही चाकांना स्ट्रट आहेत, चाकाचा सगळा धक्का तिथेच येतो. तुकडा लावताना कुजका भाग स्वच्छ पत्रा लागेपर्यंत कापायचा आणि त्याच जाडीचा नवा पत्रा जोडायचा. वरून थिगळ ठोकलं तर आत ओल कोंडते आणि दोन पावसाळ्यांत परत तेच. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही तारा आणि ईसीयूचा कनेक्टर काढायचा. गालिचा आणि टाकीजवळचं काही असेल तर तेही काढायचं, आणि पाण्याची बादली जवळ हवी. नंतर आतून प्राइमर, पोकळीत मेण.
बाहेरच्या उडालेल्या रंगाला नुसतं पाणी आणि साधा वॅक्स. चकाकी येत नाही, पत्रा मात्र वाचतो.

तेल_आणि_पाणी
ई२० चा विषय लेथवाला यांनी ओझरता काढला, तो साध्या इंजिनालाही लागू आहे. २००४ चे रबरी पाइप या इंधनासाठी केलेले नाहीत. आतून फुगतात, मग चिरतात. टाकीपासून इंजेक्टर रेलपर्यंतचे सगळे पाइप, आणि परतीचेही, एसएई जे३० आर९ दर्जाचे घालावेत. क्लिपा स्क्रूच्या आणि गोल कडेच्या, धारदार कडेची क्लिप पाइप कापते.
पंपाचा प्रवाह मोजायचा तर गाडी उघड्यावर, अग्निशामक हाताशी, आसपास ठिणगी नाही. परतीची नळी मापाच्या डब्यात सोडून पंधरा सेकंद पंप चालवायचा. पाव लिटर आलं तर या इंजिनाला पंप भरपूर. दीडशे मिलीच्या आसपास आलं तर आधी फिल्टर बदलून परत मोजा.
आणखी, जुना ऑक्सिजन सेन्सर. रमतगमत चालवताना ई२० चा फरक ईसीयू त्याच्याच मदतीने भरून काढतो. सेन्सर म्हातारा असेल तर मिश्रण पातळच राहतं, गाडी आखडते.

अजिंक्य_११
टायरचं कुणीच बोललं नाही! लोखंडी रिम ठेवायच्या तर १७५/७० आर१३. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. पाच-सहा वर्षांवरचे टायर नक्षी कितीही असली तरी घाटात नकोत, ओल्यात तर नाहीच. वेगाचं अक्षर किमान टी, म्हणजे १९० पर्यंत चालणारं. १८५/६० आर१४ घातले तर घेर जवळपास तोच राहतो, १.८१ मीटर, स्पीडोमीटर अर्धा टक्कासुद्धा चुकत नाही. पण जुन्या बलेनोच्या १४ इंची रिम उचलून आणू नका. एस्टीमच्या चार बोल्टांचं वर्तुळ ११४.३ मिमी, बलेनोचं १००. तिरके घट्ट करून बसवलेल्या रिम सुटतात. बलेनोच्या पुढच्या डिस्क आणायचा विचार असेल तर तिथेही हीच अडचण.
आणि गाडी खाली बसवू नका. ऊसपट्ट्यातले गतिरोधक आणि ट्रॉल्यांनी पडलेले चर बघता मूळ उंचीच बरी. नवे स्ट्रट, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, मग अलाइनमेंट. एवढ्यानेच गाडी वळणात बसते.

मिरजकर
पळवायची कुठे, हेही ठरवून ठेवा. खंबाटकी आणि पसरणीला दुधाच्या गाड्या, सहली, टेम्पो असतात. मोकळा रस्ता समजून कुणी वेडेपणा करू नये. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या स्पर्धा झालेल्या आहेत, कोइंबतूरला कारी स्पीडवे आहे. तिथे हेल्मेट घालून, तपासणी होऊन गाडी पळते.

रिंगपाना
आता कृष्णाकाठ यांच्या मूळ प्रश्नावर येतो, कारण क्रम विचारला होता.
अडीच लाखांतला साधारण तिसरा हिस्सा पत्रा, ब्रेक, टायर आणि सस्पेन्शनला आधीच बाजूला काढा. नंतर पाणी आणि इंधन. त्यानंतर इंजिन, तेही कॉम्प्रेशनचे आकडे सांगतील तेवढंच. रिंगा ठीक असतील तर खालचा भाग उघडू नका, फक्त हेड उतरवा. व्हॉल्व्ह सीट तीन कोनांत कापून घ्या, गाइड आणि सील नवे. हेडचा सपाटपणा फीलर गेजने तपासा आणि वाकलं असेल तरच, तेही लागेल तेवढंच घासा. गरज नसताना जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं आणि साध्या पेट्रोलवर ठोकायला लागतं. मॅनिफोल्डच्या गॅस्केटची कडा पोर्टमध्ये आत आलेली असते, ती जुळवून घ्या. सांगली-कुपवाड, नाहीतर कोल्हापूरला शिरोलीत हेडचं मशिनिंग उत्तम होतं. काम देताना मापं लेखी मागा.
क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग संचानेच, तिन्ही एकदम. एकटी प्लेट बदलली की सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी परत गिअरबॉक्स उतरवावा लागतो.
एवढं केलेली एस्टीम ८० च्या वर खरी अश्वशक्ती देते. नऊशे किलोला ती पुष्कळ आहे.

लेथवाला
रिंगपाना यांच्या क्रमाला माझी सही. एकच भर : पैसे उरले तर सायलेंसरवर नाही, इंजिन आणि गिअरबॉक्सच्या माउंटिंगवर घाला. फाटक्या माउंटिंगवर इंजिन झुलतं, गिअर अडकतात, सुटताना चाक उड्या मारतं.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. रविवारी मिरजेला जाऊन बेल्ट, कनेक्टर आणि कॉम्प्रेशन बघतो, आकडे इथेच टाकीन. एक राहिलं : टायमिंग बेल्ट कधी बदलला ते मालकाला माहीत नाही. चाचणीआधी बदलायचा की नंतर?

रिंगपाना
कॉम्प्रेशनची चाचणी आहे त्या बेल्टवर करा, पण त्याआधी वरचं कव्हर काढून बेल्ट डोळ्यांनी बघा. दातांच्या मुळाशी चिरा, कडेला सुटलेले धागे किंवा तेल दिसलं तर स्टार्टरही मारू नका. ठीक दिसला तरी गाडी घेतल्यावर पहिलं काम तेच. बेल्ट, टेन्शनर, क्रँक आणि कॅमची ऑइल सील, पाण्याचा पंप, सगळं एकाच उघडण्यात. खुणा जुळवून झाल्या की क्रँक पान्याने हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि खुणा परत जुळतात का बघा. कुठे अडलं तर जोर लावू नका, उलगडा आणि परत जुळवा. आणि त्या दिवशीचं किलोमीटर बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा.

कृष्णाकाठ
नोंदवलं. कॉम्प्रेशन गेज कुपवाडहून आणतोय.

रिंगपाना
गेज प्लगच्या आट्यांत फिरवून बसवायचा घ्या. रबर दाबून धरायच्या गेजवर १६ व्हॉल्व्हच्या खोल प्लगखड्ड्यात आकडा कधीच खरा येत नाही.